साळूबाई जालना बघायला आल्या

कारभारीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण बायको अजून जालन्याला नांदायला आली नव्हती. तो मूळचा हसनाबादचा, चार भावांत धाकटा. शेतीपेक्षा त्याला यंत्रांचं वेड. म्हणून जालन्यात येऊन एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, इंजनाला तेलपाणी करायच्या कामावर लागला. मालक खूश होता, खोली मिळाली होती, शेजार चांगला होता. अडून बसल्या होत्या त्या एकट्या सासूबाई.

साळूबाई राजूरच्या. जालन्याचं नाव काढलं की त्यांचं एकच बोलणं, "तिथं कोण कुणाला वळखतं? पोर तापानं फणफणली तर पाण्याचा घोट कोण देईल?" शेवटी कारभारीनं निरोप धाडला, "मामी, एकदा डोळ्यांनी बघा, मंग काय ते ठरवा."

आणि एका गुरुवारी दिवस कलताना बैलगाडी दारात उभी राहिली. सासरे रामराव गाडी हाकत होते, मागं साळूबाई आणि पदर ओढून बसलेली त्याची बायको नंदाबाई. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. शनिवारी सकाळी पाहुणे परत निघणार होते. म्हणजे सगळं शहर एका दिवसात दाखवायचं होतं.

शुक्रवारी उजाडताच कारभारी सगळ्यांना मोती तलावावर घेऊन गेला. साळूबाईंनी कमरेवर हात ठेवून इकडून तिकडं बघितलं. "पाणीच हाय की. पाणी आमच्या राजूरलाबी हाय."

मग जिनात नेलं. कारखाना बंद होता, पण पहारेकऱ्यानं कारभारीसाठी दार उघडलं. तो इंजनाची माहिती सांगायला लागला आणि साळूबाईंनी नाकाला पदर लावला. "ह्यो सगळा फुपाटा छातीत जात आसंल."

तेवढ्यात नंदाबाईनं हळूच विचारलं, "ह्ये चाक उलटं बी फिरतं का?"

आईबापांसमोर ती नवऱ्याशी पहिल्यांदाच बोलली होती. कारभारी इतका हरखला की उत्तर द्यायचंच राहून गेलं.

स्टेशनावर मनमाडकडं जाणारी गाडी आली तेव्हा साळूबाईंनी लेकीचा दंड गच्च धरला. रामराव मात्र इंजनाजवळ जाऊन उभे राहिले, वाफ अंगावर आली तरी मागं सरले नाहीत. गाडी गेली तरी ते रुळाकडंच बघत होते. पुढं हॉटेलात दोन बश्या चहा प्यायले. "दुपारी अजून एक गाडी जाती का?" एवढंच त्यांनी हळूच विचारलं. कारभारी सहज म्हणाला, "जाती की."

बाजारात कासाराच्या दुकानी मायलेकी बांगड्या भरायला बसल्या. हिरव्या की लाल, यात बराच वेळ गेला. उठून बघतात तर रामराव नाहीत.

"अवं! कुठं गेलात?" साळूबाई भर बाजारात हाका मारायला लागल्या.

कारभारीनं समोरच्या पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "लाल पटक्याचे मामा ना? तुमचे सासरे? भुजंगच्या टांग्यात बसून गेले." भुजंग टांगेवाला कोपऱ्यावर भेटला. "अरे कारभारी, आत्ताच टेशनाला सोडून आल्तो त्यांना. बसा, तुम्हालाबी सोडतो." स्टेशनावर ओळखीचा हमाल हसतच पुढं आला. "ते तर गेले! बदनापूरचं टिकीट मीच काढून दिलं. बोलले, जावयाला सांग, सांजच्या गाडीनं येतो. बिलकुल फिकीर करू नका."

साळूबाईंनी तिथंच बसकण मारली. "गेलं माझं माणूस! लोखंडाच्या पेटीत बसून गेलं!"

"मामी, बदनापूर हे काय इथंच हाय," कारभारी समजावत राहिला.

पण त्या जागच्या हलेनात. हमालानं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि बाकड्यावरची आपली घोंगडी सरकवून जागा केली. भुजंगनं जाता जाता घरी निरोप पोचवला असावा. थोड्या वेळानं शेजारच्या आशाबाई फडक्यात भाकरी, पिठलं आणि ठेचा बांधून आल्या. त्यांचा नवरा बिरू घोंगड्या विकायचा, त्यांची खोली कारभारीच्या भिंतीला लागून.

"जावई उपाशी ठेवून राह्यला का तुम्हाला?" म्हणत त्यांनी फडकं सोडलं.

साळूबाई जेवता जेवता विचारत गेल्या. पाणी कुठून भरता, दळण कुठं, बाया कशा? मग घुटमळत विचारलं, "अन् कुणी आजारी पडलं मंग?"

"मंग काय! मागल्या साली ह्ये कारभारी तापानं पडल्ते. माझ्याच घरची पेज पिऊन उठले."

साळूबाई जावयाकडं वळल्या. "आमाला का न्हाई कळवलं?"

"कळवलं असतं तर तुम्ही हिला कधीच धाडलं नसतं."

नंदाबाईला पदराआड हसू आवरेना.

दिवस मावळायच्या बेताला गाडी आली. रामराव उतरले तेव्हा पटक्यावर कोळशाची भुकटी, तोंड काळं, आणि डोळे नुसते चमकत होते. "अगं, बैल न्हाईत, कासरा न्हाई! जन्मात पहिल्यांदा कुठं जाताना मला हाकावं लागलं न्हाई!"

"सांगून जायला तोंड न्हवतं का?"

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?"

तेच उत्तर दिवसात दुसऱ्यांदा ऐकल्यावर साळूबाईंचा राग टिकेना. आधी आशाबाई हसल्या, मग त्याही.

शनिवारी सकाळी रामराव बैल जुंपायला निघाले तर साळूबाईंनी अडवलं. "दुपारून जुंपा. मलाबी बदनापूर बघायचंय."

मग सगळेच गेले. कारभारीनं सकाळची रजा काढली. साळूबाई खिडकीशी बसल्या, दांडा दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून. एकदा उघडले ते मात्र बदनापूर येईस्तोवर मिटले नाहीत. तिथं त्यांनी स्टेशनाबाहेर पाऊलही टाकलं नाही. परतीच्या गाडीत पुन्हा खिडकीच पाहिजे म्हणून हटून बसल्या.

तिसऱ्या प्रहरी बैलगाडी निघाली तेव्हा नंदाबाईचं गाठोडं त्यांनी स्वतः खाली उतरवलं. "आशाबाईला इचारल्याबिगर बाजार करू नको," एवढंच लेकीला सांगितलं आणि डोळे पुसत गाडीत चढल्या.

पुढं कारभारी त्याच जिनात इंजन चालवणारा झाला. दर हिवाळ्यात साळूबाई राजूरच्या दोन-तीन बाया सोबत घेऊन यायच्या. तलाव, बाजार, स्टेशन सगळं त्याच दाखवायच्या. कोणत्या डब्यात ऊन लागत नाही, कोणता कासार बांगडी नीट चढवतो, सगळं सांगायच्या. बायांच्या पिशव्या घेऊन मागून चालायचं काम मात्र कारभारीकडं असायचं.