बाबांच्या बाजूचा धुरा

आमच्या मंडळीत, म्हणजे गावातल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाचं ताट हातोहात फिरतं. त्यात पोळीचे लहान तुकडे असतात आणि मनुका उकळून केलेला रस छोट्या पेल्यांत असतो. ताट फिरण्याआधी पाळकसाहेब सगळ्यांना डोळे मिटून गप्प बसायला सांगतात. आधी स्वतःला तपासा, कुणाशी काही राहिलं असेल तर ते मिटवा, मगच हात लावा, असं त्यांचं सांगणं असतं. लहानपणी मी त्या वेळी एक डोळा उघडून इतरांची तोंडं बघत बसायचो.

गेल्या उन्हाळ्यानंतर कधीतरी बाबांनी ताटाला हात लावणं सोडलं. ताट आलं की ते खाली मान घालून शेजाऱ्याकडे सरकवायचे. आमची मंडळी म्हणजे मोजकी घरं, त्यामुळे ते सगळ्यांना दिसलं. विचारलं मात्र कुणी नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटायची.

मी वाशीमला कॉलेजात आहे. आमच्या घरातून इथवर आलेला मी पहिलाच. यंदा ईस्टरला माझा बाप्तिस्मा ठरला. त्यानंतर ते ताट पहिल्यांदा माझ्यासमोर थांबणार होतं, आणि त्या दिवशी बाबांनी माझ्याशेजारी बसून तुकडा घ्यावा एवढंच मला हवं होतं. शेवटी ईस्टरच्या आठवडाभर आधी शनिवारी घरी आलो तेव्हा विचारलं. बाबा अंगणात तुराट्या रचत होते.

"बाबा, मायावाल्या दिवशी तरी घ्यान ना?"

ते रचतच राहिले. मग म्हणाले, "धुरा नीट झाल्याबिगर कसं घेऊ?"

मला आधी कळेना. आमच्या शेताला लागून गावातल्या एका काकांचं शेत आहे आणि मध्ये मातीचा धुरा, म्हणजे बांध. उन्हाळ्यात नांगरटीला ट्रॅक्टर आला की चालक विचारतो, धुऱ्यापासून किती सोडू? बाबा म्हणायचे, लागून घे. दरवर्षी फाळ जरासा धुऱ्यात शिरायचा आणि तेवढी जमीन आमच्या पेऱ्यात यायची. इकडे सगळेच असं करतात. त्याला चोरी कुणी म्हणत नाही, भांडण झालं तरच म्हणतात.

"काकाबी तं तिकडून कोरतेत," मी म्हणालो. "अन् तुमी देवाजवळ माफी मांगतली असंन ना?"

"मांगतली. पन काकाले कुठी मांगतली?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नाताळात बाबा दरवर्षी काकांकडे फराळ घेऊन जातात. काकांचं घर बौद्ध आहे, आमचं ख्रिस्ती. त्या निमित्तानं बाबा त्यांना येशूबद्दल चार शब्द सांगतात, काका ऐकून घेतात आणि चिवडा आवडीनं खातात. गेल्या नांगरटीला धुऱ्यावरची जुनी बोर मुळासकट उपटून आली. ती पडलेली पाहिली आणि बाबांना वाटलं, ज्याच्या अंगणात बसून आपण प्रभूचं नाव घेतलं, त्याच्याच धुऱ्यात आपला फाळ आहे. तेव्हापासून जायचं मनात होतं, पण पाय उचलत नव्हता. कबूल केलं तर गाव काय म्हणेल? आपल्या चार घरांना काय म्हणेल? आधी सोयाबीन उभं होतं, मग तूर. मनातल्या मनात तेही कारण झालं.

आता रान मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी उपासना आटोपून आम्ही फावडं, टोपली आणि दोरी घेऊन काकांकडे गेलो. काका बाजेवर बसले होते.

"काय पाद्रीबुवा," ते म्हणाले, "नाताळ तं झाला. टोपलीत चिवडा दिसत नाही."

बाबा उभेच राहिले. "भाऊ, धुरा म्या कोरला. दरसाल कोरला. बोर मायाच्यानं पडली. आज मी मायाकडून भरून देतो. मले माफ करा."

काकांनी तंबाखू मळायचं थांबवलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनातलं माझ्या तोंडावर उतरलं असावं.

"तुमचं पोरगं मनातल्या मनात म्हनून राह्यलं, का काकानंबी कोरला. नाही का रे?"

मी तोंड उघडणार होतो. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "त्याच्या मनातलं तो पाहीन. मी मायं सांगाले आलो."

काकांनी तंबाखू परत डबीत टाकली. मग घरात हाक देऊन चहा टाकायला सांगितला. "उन्हात कायले मरता राजेहो. चहा घ्या, मंग जा खोदाले."

हद्दीच्या दोन दगडांमध्ये आम्ही दोरी ताणली. बाबा आपल्या रानातली माती ओढत होते आणि मी टोपलीनं टाकत होतो. काळी माती, वाळून दगड झालेली ढेकळं. दुपारभर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की काकांच्या बाजूला धुरा केवढा खाल्लेला आहे. तो मला अगदी स्पष्ट दिसत होता. बाबा त्या बाजूला बघतसुद्धा नव्हते. संध्याकाळी काका येऊन काठीनं नवी माती दाबून पाहून गेले. आपल्या बाजूबद्दल ते काही बोलले नाहीत. अजूनही बोललेले नाहीत.

पश्चात्तापावर मी बऱ्याचदा ऐकलं आहे, कॉलेजातल्या प्रार्थनागटात बोललोही आहे. पण तो असा, समोरच्याचा वाटा मध्ये न आणता, केवळ आपल्या बाजूनं करायचा असतो हे मला त्या दुपारी कळलं. बाबांनी मला ते सांगितलं नाही, सोबत नेलं. त्यासाठी मी देवाचे आभार मानतो आणि बाबांचेही, जरी हे त्यांना तोंडावर सांगणं मला अजून जमलेलं नाही.

ईस्टरला बाप्तिस्मा झाला. ओले केस पुसून मी सतरंजीवर बाबांच्या शेजारी बसलो. पाळकसाहेबांनी डोळे मिटायला सांगितले. मी स्वतःला तपासू लागलो, तर डोळ्यांपुढे पुन्हा काकांचीच बाजू आली. मग खांद्यावरचा तो हात आठवला, आणि मी आपल्याच बाजूपासून सुरुवात केली.

ताट आलं. बाबांनी ते या वेळी पुढे सरकवलं नाही. आधी माझ्यासमोर धरलं. मी तुकडा घेतल्यावर त्यांनी आपला उचलला. त्यांच्या नखांत धुऱ्याची माती अजून होती.