जास्वंदीची कुंडी

संध्याकाळी घरी आलो, तर आमच्या फाटकाशेजारी, जिथे मी रोज गाडी लावतो, तिथे कुणीतरी कुंडी ठेवलेली. आमच्या गल्लीत ही रीतच आहे. कुणी दोन विटा मांडतं, कुणी मोडकी खुर्ची, की झाला रस्ता आपला! चिडून कुंडी उचलायला वाकलो आणि ओळखली. समोरच्या वहिनी नव्याने राहायला आल्या, तेव्हा मीच त्यांना तिच्यात जास्वंदीची फांदी लावून दिली होती. काठाचा टवकाही माझ्याच हातून उडालेला.

"राहू द्या हो भाऊजी," वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "जावई यायचेत गाडी घेऊन."

"वहिनी, नुसतं सांगितलं असतंत तरी जागा सोडली असती."

"रस्ता काय कुणाच्या नावावर आहे?"

परक्याशी भांडताना आवाज आपसूक चढतो. आपलं म्हटलेल्या माणसाने अडवलं की तो घशातच राहतो.

गाडी मागच्या गल्लीत लावून आलो. जास्वंदीला कळी धरली होती, पण माती पार सुकलेली. सवयीने घरातून तांब्याभर पाणी आणलं. कुंडीपाशी थोडा वेळ उभा राहिलो, आणि तांब्या तसाच परत नेला.