मामांचा उघडा डबा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हडपसरच्या ऑफिसात होते. विश्रांतवाडीला मामांच्या घरी पोचले, तर मामेभाऊ डोळे पुसत मला म्हणाला, "बाबांचा लॅपटॉप चालूच होत नाहीये." मामांच्या आजारपणात त्यानेच तो आणला होता. पातळ, चकचकीत, सगळीकडून बंद. मामांनी स्वतः जोडलेला कॉम्प्युटर त्याच दिवशी माळ्यावर गेला. मामांनी लॅपटॉप उलटा करून पाहिला होता. "स्क्रू कुठेत?" "बाबा, हा उघडायचा नसतो." "अस्सं. म्हणजे घेतला आपण, पण आपला नाही!"

माझं बालपण त्या जुन्या कॉम्प्युटरच्या झाकण नसलेल्या डब्यासमोर गेलं. मी इंग्रजी शाळेतली, फारसं न बोलणारी. मामा बोलायचा आग्रह करत नसत, हातात स्क्रूड्रायव्हर देत. रॅम वाढव, पंखा बदल. फक्त आत हात घालण्याआधी खिडकीच्या गजाला हात लावायचा, अंगातली वीज उतरावी म्हणून. मी विसरले की ओरडत, "ताई, गज!"

शेवटच्या महिन्यांत ते लॅपटॉपवर मामीसाठी जुन्या आठवणी बोलून ठेवत होते. "मी गेल्यावर ऐक, आत्ता भांडशील," असं तिला सांगायचे. लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेला, तर तिथला मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मेमरी बोर्डलाच जोडलेली असते. बोर्ड गेला, सगळं गेलं. एक्स्चेंज ऑफर आहे, बघता का?" मला शिसारी आली. एका माणसाचा आवाज आत कोंडलेला, आणि हा ऑफर सांगतोय. माझ्या शेजारी उभा असलेला भाऊ रंग कोणकोणते आहेत ते विचारू लागला, तेव्हा मी बाहेरच पडले...

परवा माळ्यावरचा डबा उतरवला. गजाला हात लावला. आमच्या हातांनी तिथला रंग कधीच उडालाय. पॉवर सप्लाय बदलला, आणि तो निमूट सुरू झाला. आठवणी त्यात नव्हत्याच. कधीतरी माइक तपासायला केलेली एक फाइल तेवढी सापडली. मामी तोंडाला पदर लावून शेजारी बसली.

"हॅलो... हॅलो... येतोय का आवाज? अगं, चहा टाकतेस ना?"

"टाकते," मामी म्हणाली, आणि उठून ओट्याकडे गेली.