कॉकटेलमधलं पाणी

विश्रामबागेतल्या एका हॉटेलच्या बारमध्ये मी मित्राची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या स्टुलावर साठीचे एक गृहस्थ होते, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. बोलता बोलता कळलं, त्यांच्या बागेतली द्राक्षं वाइनरीला जातात. पण पुढं त्या द्राक्षांचं काय होतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आज तेच बघायला आले होते.

बारवाल्यानं लाल वाइनमध्ये थोडी रम आणि संत्र्याचा रस घातला. तोवर ते खुशीत मान हलवत होते. मग ग्लासात बर्फ पडला, वर सोडा आला, तसे ते उठून उभेच राहिले.

"आवं, माल तोडायच्या आधी आमी बागेचं पाणी बंद करतो. वेली माना टाकाय लागत्यात, तवा कुठं मण्यात साखर भरती. आनि तुमी परत पाणी घालताय व्हय?"

"काका, कॉकटेल असंच असतं," बारवाला म्हणाला.

ते बसले. एक घोट घेऊन बराच वेळ तोंडात धरला. "चव हाय," म्हणाले, आणि चमच्यानं बर्फाचा एकेक खडा काढून शेंगदाण्याच्या रिकाम्या वाटीत ठेवू लागले. ते रागावलेत की खूश आहेत, मला काही कळेना.

जाताना त्यांनी ती वाटी उचलली. दाराशी मनीप्लँटची कुंडी होती. तिची माती बोटानं चाचपून त्यांनी वितळलेलं पाणी तिच्यात ओतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हिला पायजे हुतं."