आधी टोकाचं रान

मी पुण्याला निघाले तेव्हा औंढ्याच्या स्टँडवर तूच आली होतीस, अक्का. बाबा आले नाहीत. कालव्याला पाणी सुटलं होतं आणि बाबा पाटकरी, धरणाचं पाणी शेताशेतांत वाटून देणारे. "तांड्याच्या रानात पाणी पोचंस्तोवर मला हलता येत न्हाई," एवढं बोलून ते सायकलवर निघून गेले. तांडा आपल्या चारीच्या, म्हणजे कालव्यातून फुटलेल्या पाटाच्या, पार टोकाला. बाबांचा नियम असा, की पहिलं पाणी टोकाला, मग मागं मागं येत आपल्याकडं. चारीच्या तोंडाशी असूनही आपलं रान सगळ्यांत शेवटी भिजायचं. बसमध्ये मी रागानं रडले. लेकीपेक्षा यांना चारी मोठी!

तो राग मी इमानेइतबारे जपला. इथं नळ फिरवला की पाणी. ते कुठून येतं, कोण सोडतं, मी कशाला विचारते?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत दोन दिवस पाणी आलं नाही. सकाळी तणतणत खाली उतरले. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून एक माणूस पाण्याच्या व्हॉल्व्हची कमरेएवढी चावी फिरवत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ताई, वरच्या वस्तीत पाणी चढत नाहीये. तिथं धार लागली की तुमचं सोडतो. खोटं वाटत असेल तर चावीला कान लावा."

लावला, भररस्त्यात वाकून. पायाखाली पाणी घोंघावत होतं. डांबराखालून, दुकानांखालून, चढ चढत ते अनोळखी लोकांच्या हंड्यांकडं निघालं होतं. अंगावर काटा आला गं. इतकी वर्षं मी याच रस्त्यानं चपला घासल्या आणि खाली एवढं मोठं काही चाललंय याचा पत्ता नाही. आणि आपल्या बाबांनी जन्मभर हेच केलं, हातात एक फावडं घेऊन.

तिथूनच बाबांना फोन लावला.

"जयभीम. काय झालं गं, इतक्या सकाळी?"

सगळं सांगितलं. म्हटलं, "बाबा, तुमच्यावर उगाच राग धरला मी."

ते म्हणाले, "मलाबी लई वाटलं व्हतं स्टँडवर यावं." आणि लगेच, "पर त्या वरच्या लोकायला पोचलं का पाणी?"

मला कुठं ठाऊक? फोन कानाला तसाच धरून मी चढ चढले. पहिल्याच घरापुढं एक बाई हंडा भरत होती.

"पोचलं, बाबा," मी म्हणाले. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा मला आपल्या घरी असल्यासारखं वाटलं.