जाळीतली बेलपानं

जळकोटच्या जीप स्टँडवर मलप्पाचा आवाज आधी पोचायचा, मलप्पा मागून. शाळा सातवीत सुटलेली. पण हॉटेलातले पेपर वाचून वाचून त्यानं कायदा असा पाठ केला होता, की तो आत आला की तहसीलातले कारकून सावरून बसायचे. स्टँडवरची पाण्याची टाकी त्यानं भांडून आणली. एसटीच्या एका बाबूनं म्हातारीला हिडीसफिडीस केलं, तर त्या बाबूला त्यानं भोंग्यावरून माफी मागायला लावली. बाबू गयावया करत होता, आत येतो, केबिनमध्ये मागतो. मलप्पा म्हणाला, "बेइज्जती चौकात केलास अन् माफी केबिनमधी? न्हाई चालायचं."

गाडी त्याची पांढरी, सात सीटची. जळकोट ते नांदेड, दवाखान्याचे पेशंट न्यायचे-आणायचे. एसीची गाडी म्हणून लोक एसटी सोडून त्याच्याकडं यायचे आणि त्याचा त्याला लई ताठा. दर सोमवारी महादेवाच्या देवळातून आला की तो बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढायचा आणि काचेखाली बेल वाहायचा. बाकीच्यांचा बेल पहिल्याच वळणावर उडून जायचा. मलप्पा हुशार, तो पानं वायपरखालच्या काळ्या जाळीत देठापर्यंत खोचायचा. पुढच्या सोमवारी जाळी मोकळी.

"पानं जातेत कुठं ओ?" त्याच्या बायकोनं, सिद्धम्मानं, एकदा विचारलं.

"महादेव घेतो. तुझ्यासारखं कुठं कुठं विचारत न्हाई."

होळी झाली आणि एसीचा वारा मंदावायला लागला. एकदम नाही. आधी मागच्या सीटवरचे म्हणाले, इकडं लागंना. मग मधल्यांनी काचा खाली केल्या. पुढं पुढं बटण चारवर, पंखा घरघर करतोय आणि डॅशबोर्डच्या जाळीसमोर हात धरला तर बाळानं फुंकर मारावी एवढाच वारा. थंड होता, पण नुसता नावाला.

नांदेडला दयानंदचं गाड्यांच्या एसीचं गॅरेज. जळकोटच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडंच जायच्या. मलप्पानं गाडी नेली, गॅस भरून घेतला आणि आठ दिवसांत पुन्हा तेच.

त्यातच जळकोटच्या केवळाबाईंचं नांदेडला डोळ्याचं ऑपरेशन झालं. परतीच्या वाटेवर कंधार मागं पडलं, ऊन तापलं आणि म्हातारीच्या कपाळाचा घाम पट्टीखाली उतरायला लागला. डोळ्याला घाम लागू देऊ नका, असं डॉक्टरनं बजावलेलं. लेक पदरानं वारा घालत होती. म्हातारी एवढंच म्हणाली, "मलप्पा, काच खाली कर बाबा. तुझ्या एसीपेक्षा आपली एसटी बरी."

मागं कुणीतरी हसलं. मलप्पाचे कान तापले. म्हातारीला घरी सोडलं आणि तिच्या दारातच त्यानं मोबाईल काढला. चालक-मालकांच्या ग्रुपवर त्याचा आवाज गेला: "ऐका सगळे. त्या दयानंदाकडं कुणी गाडी नेऊ नका. बेइमान हाय. माझ्या एसीची कंपनीची मोटर काढून घेतला अन् डुप्लिकेट बसवला. पुरावा दाखवतो."

मलप्पा बोलला म्हणजे झालंच. जळकोटच्या गाड्या दयानंदचं दार विसरल्या. दयानंदचे दोन फोन आले, मलप्पानं उचलले नाहीत. तिसरा आलाच नाही.

राहिला पुरावा. एका रविवारी स्टँडवर, सगळे ड्रायव्हर जमवून, मलप्पा गाडीत डाव्या सीटवर बसला. शेजारच्या गाडीचा भागवत मोबाईल धरून उभा.

"चालू केलास का?"

"हाव अप्पा. बोला."

"बघा लोकहो. आता चोर कसा धरायचा ते बघा." त्यानं कागदपत्रांचा कप्पा निखळवून बाजूला ठेवला. त्यामागं हवेची चाळणी असते, तिच्याखाली पंख्याची मोटर. चाळणी निघेना. त्यानं पाय टेकून हिसका दिला.

भसकन त्याच्या मांडीवर पानं पडली. वाळलेली, तपकिरी, तीन-तीन पानांची. काही कुजून एकमेकांना चिकटलेली, त्यांवर विभूतीचा राखेरी थर. चाळणी दिसतच नव्हती, नुसता बेल. खालच्या मोटरवर कंपनीचा शिक्का होता, जसाच्या तसा.

भागवतचा मोबाईल तसाच रोखलेला. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "अप्पा, महादेवानं परत केले जणू."

मलप्पाला हसता येईना. त्याला दयानंदचं बोलणं आठवलं. पहिल्याच दिवशी पोरगा म्हणाला होता, "अप्पा, थंड येऊन राहिलंय म्हणजे गॅस ठीक हाय. वारा कुठंतरी अडतोय. तासभर थांबा, कप्पा खोलून बघतो." आणि चार गिऱ्हाइकांदेखत मलप्पाच त्याच्यावर खेकसला होता, "मला शिकवू नको. गॅस भर अन् मोकळा कर."

"काढून टाकू का व्हिडिओ?" भागवतनं विचारलं. "आपल्या आपल्यात राहील."

मलप्पा पानं गोळा करत राहिला. खाली टाकता येईनात, देवाची होती. त्यानं ती टॉवेलात बांधली.

घरी सिद्धम्मानं टॉवेल सोडून बघितला. "आता?"

"उद्या जाऊन दयानंदाला भेटतो. आतल्या आत मिटवतो."

तिनं पानं तुळशीच्या मुळाशी ओतली. पाठमोरीच म्हणाली, "त्या बाबूला केबिनमधी न्हाई म्हणलाव की."

रात्रभर त्याला ते वाक्य पडल्या जागी टोचत राहिलं.

सोमवारी गॅरेजात एकही जळकोटची गाडी नव्हती. दयानंद स्टुलावर बसून रेडिओ पुसायचं फडकं धूत होता, असं काम जे कुणी काम असताना करत नाही. मलप्पाला बघून तो उठला नाही.

"दयानंद, ते बेलाची पानं होती. माझीच. चूक झाली बाबा."

"कळालं."

"मग... झालं ते झालं."

दयानंदनं फडकं पिळलं. "अप्पा, माझी आई तुमचा आवाज ऐकली. कुणीतरी तिला मुद्दाम ऐकवला. ती मला म्हणली, खरं सांग, काढलास का मोटर." त्यानं फडकं झटकलं. "चोर म्हणताना सगळ्यांना ऐकवलाव. हे मला एकट्याला कशाला सांगून राहिलाव?"

मलप्पानं मोबाईल काढला. ग्रुप उघडला, माईकवर बोट ठेवलं. मोर्च्यात भोंग्याशिवाय चालणारा गळा. त्यातून नुसता श्वास गेला. त्यानं बोट उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. मग भागवतला फोन लावला.

"व्हिडिओ हाय का?"

"हाय अप्पा. काढला न्हाई."

"टाक ग्रुपवर. सगळा टाक. पानं पडतेत तिथं तोडू नको."

"नक्की?"

"टाक म्हणलं की."

मोबाईल वाजायला लागला. एक, दोन, मग लागोपाठ. मलप्पानं तो पालथा धरला. दयानंद उठला, नवी चाळणी आणून बसवली, कप्पा लावला. "बघा वारा."

मलप्पानं बटण फिरवलं. वारा फाडकन तोंडावर आला, गेल्या वर्षीसारखा. त्यानं लगेच बंद केला.

"काय झालं? येईना का?"

"येतोय," मलप्पा म्हणाला.

जळकोटपर्यंत तो काचा खाली करूनच आला. स्टँडवर सगळे होते. टाकीपाशी त्याला वाट करून दिली, नेहमीसारखीच. तो पाणी प्याला आणि आवाज न करता घरी गेला.