उजव्या बाजूचं दार

मोटार दिसली की आमचे मोटारवाले एक डोळा मिटायचे. हाताचा अंगठा नाकासमोर उभा धरायचे आणि गाडी धुरळ्यातून जवळ येईपर्यंत त्या अंगठ्याआडून तिच्याकडं बघत राहायचे. नवखा माणूस बिचकायचा. एकदा एका व्यापाऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "काय हो, हे मला डोळा मारतात की अंगठा दाखवतात?" मी म्हटलं, "दोन्ही नाही. ते तुमच्या गाडीचं माप घेतायत. तुम्ही आपले निघा."

सोलापुरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. अक्कलकोट रस्त्यावरच्या जकात नाक्यावर मोटारवाले आणि मी, आम्ही दोघं कारकून. समोरून कापसाच्या गाड्या जायच्या, गुळाच्या ढेपा जायच्या, कडब्याचे डोंगर डुलत जायचे, आणि मधूनच एखादी मोटार पों पों करत यायची. मोटारवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. जन्मात ज्यांनी मोटारीच्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही, त्यांना सारी पेठ मोटारवाले म्हणे, कारण ते घरी मोटारी बनवत. एवढ्याशा, वीतभर लांबीच्या. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, जत्रेत पत्र्याच्या मोटारी पैशाला पासरी मिळतात! मीही त्यांना हेच ऐकवलं होतं आणि तोंडघशी पडलो होतो.

"त्येंची दारं उघडत्यात का?" त्यांनी विचारलं.

"खेळण्यांची दारं कशाला उघडायला हवीत?"

"दार उघडलं पायजे की! न्हाईतर मानूस बसनार कुटनं?"

त्यांच्या गाडीचं प्रत्येक दार उघडायचं. टाचणी वाकवून केलेली बिजागरी, घासलेटच्या डब्याचा पत्रा, गिरणीतल्या मोडक्या बॉबिनी कापून केलेली चाकं, जुन्या छत्रीच्या कापडाचा टप. फुटाला पाऊण इंच हा त्यांचा कायदा, आणि त्यात दोऱ्याएवढीही सूट नाही. माप घेण्यासाठी नाक्याच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून ठेवलेल्या. मोटार खिडकीशी थांबली की दिवा कुठल्या रेघेला येतो, दाराची मूठ कुठल्या रेघेला, हे ते बसल्या जागी टिपून घेत. तपासणीला आलेल्या साहेबानं त्या रेघांबद्दल विचारलं, तेव्हा मी ठोकून दिलं, "साहेब, पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत." आमच्या नाक्यापासून नदी कुठं, पाणी कुठं! पण साहेब मान डोलावून गेला.

हा सगळा खटाटोप कुणासाठी चालला होता, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

एका खोलीचं घर. खिडकीजवळ बाज, आणि बाजेवर वहिनी. मूलबाळ नव्हतं. दुखणं आतल्या आत माणूस पोखरणारं होतं. भिंतीला टेकवून बसवलं तर थोडा वेळ बसत, मग पुन्हा आडव्या. वैद्य झाले, डॉक्टर झाले, सगळ्यांनी हात टेकले होते. वहिनींचं माहेर अक्कलकोटच्या अलीकडच्या एका खेड्यातलं, बोलणं निम्मं कानडी. नवी गाडी झाली की मोटारवाले ती बाजेच्या कडेला ठेवत आणि वहिनी बोटाच्या टोकानं तिचं दार उघडत, लावत, पुन्हा उघडत. दाराला त्या कानडीत बागलू म्हणत.

"अण्णा, बगा की, बागलू कसं उघडतंय!" मला म्हणायच्या. "ह्येतच बसून मी माज्या गावाला जानार हाय."

चेष्टेत म्हणत, पण ती चेष्टा नव्हती. त्यांना मरायच्या आधी एकदा माहेरचं दार बघायचं होतं. टांग्याचे हिसके त्यांना सोसले नसते, आणि त्या गावाला रेल्वे नव्हती. मोटारीला गाद्या असतात, मोटार हलत नाही, हे नवऱ्यानंच त्यांच्या डोक्यात भरवलेलं. मोटार हलत नाही म्हणे! बसलाय कोण लेकाचा त्यात?

तर एक वकीलसाहेब होते. दर आठवड्याला आपल्या मोटारीनं कामासाठी अक्कलकोटला जायचे. भला माणूस. नाक्यावर गाडी थांबली की "काय म्हणताय मंडळी?" असं विचारल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. वहिनींचं गाव त्यांच्या वाटेवरच. मी मोटारवाल्यांना म्हटलं, "एक शब्द टाका. नाही म्हणायचे नाहीत."

"रिकाम्या हातानं कसं मागायचं? त्येंचीच गाडी करून देतो. मग इचारतो."

"मी विचारू का?"

"माज्या गळ्याची आण हाय तुमाला, अण्णा."

आण घातली, मी गप्प बसलो. आमच्याकडं रिकाम्या हातानं कुणी कुणाच्या दारात जात नाही, हे मलाही ठाऊक होतं.

ती गाडी करताना त्यांनी जीव ओतला. पावसाळ्यात धरलेलं काम उन्हाळ्यापर्यंत चाललं. वहिनी खालावत होत्या, आणि हे दिव्याच्या कडीला कानस लावत बसलेले. मी चिडायचो. वहिनी उलट मलाच समजावत, "होऊ द्या की नीट. मला त्येतच बसायचंय न्हवं?" अर्धीमुर्धी गाडी बाजेवर ठेवली की वहिनींकडं तिची उजवी बाजू यायची. पुढचं उजवं दार त्यांचं लाडकं. त्यातून बोट आत घालून त्या गादीवर ठेवत. इतक्या हलकेपणानं, की बघवत नसे.

गाडी झाली. धुतलेल्या फडक्यात गुंडाळून मोटारवाल्यांनी ती नाक्यावर आणली. वकीलसाहेब आले. त्यांच्या हातात गाडी दिली तसे ते लहान मुलासारखे हरखले. डावीकडची दारं उघडून पाहिली, टप खाली केला, भोंग्याचा रबरी फुगा दाबून पाहिला. मग गाडी फिरवली, उजवं पुढचं दार उघडलं आणि हसायला लागले.

"अरे वा! कंपनीला जे जमलं नाही ते तुम्ही केलंत! अहो, या बाजूला पुढं दार नसतंच. पत्र्यावर नुसती दाराची खाच मारलेली असते. आमचा ड्रायव्हर रोज सरकत सरकत डावीकडून उतरतो!"

ड्रायव्हरही हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मी आजही सांगेन. पण मोटारवाल्यांचा चेहरा मी पाहिला होता.

चूक कशी झाली तेही ऐका. शहरात येणाऱ्या गाडीची डावी बाजू आमच्या खिडकीला लागायची. उजवी बाजू दिसायची ती गाडी बाहेर जाताना, रस्त्याच्या पलीकडून, धुरळ्यात. खाच दिसली, त्यांना दार वाटलं. उठून गाडीला एक फेरी मारली असती तर कळलं असतं. पण जकातीच्या कारकुनानं गाडीभोवती फेरी मारली म्हणजे झडती घेतली असा अर्थ होतो. भल्या माणसाचा असा अपमान मोटारवाले कसा करणार?

"फार सुंदर आहे," वकीलसाहेब म्हणाले. "मी ठेवून घेतो."

"न्हाई साहेब. चुकलीय. दुरुस्त करून देतो." आणि त्यांनी गाडी वकीलसाहेबांच्या हातातून चक्क काढून घेतली, छातीशी धरली. मी डोळ्यांनी खुणावत होतो, विचारा, आता विचारा! नाक्याचा आडवा बांबू वर गेला आणि मोटार निघून गेली.

मी भडकलो. "अहो, दाराचं काय घेऊन बसलात? वहिनींकडं बघा!"

"खोटी गाडी दिऊन खरी कशी मागू, अण्णा?"

मग सुरू झालं ते दार बंद करणं. पत्रा सांधायला कथलाचा डाग दिला की शेजारचा रंग जळायचा. रंग दिला की खाच बुजायची. पुन्हा खरवडायचं, पुन्हा डाग. वकीलसाहेबांची मोटार जात होती, येत होती, आणि मोटारवाले तिला नुसता नमस्कार करत होते.

शेवटी एकदाचं जमलं. मी त्या दिवशी त्यांच्या घरी होतो. त्यांनी गाडी बाजेवर ठेवली. वहिनींना आता मानही वळवता येत नव्हती. त्यांचं बोट सवयीनं त्या दाराशी गेलं. दार हललं नाही. त्यांनी नखानं उचकून पाहिलं.

"बागलू उघडंना की."

"खऱ्या गाडीला न्हाय तितं दार," मोटारवाले म्हणाले. "पलीकडनं बसायचं."

"पलीकडं," वहिनी म्हणाल्या. "तितंवर कोन जातंय आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. सजवलेल्या विमानात, पालखीत बसवावं तसं बसवून नेतात. किती दिवसांत बसू न शकलेल्या वहिनी त्या दिवशी ताठ बसल्या होत्या, गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळाला विभूती. त्यांची पुरायची जागा नाक्याच्या बाहेर होती. नाका उघडा टाकून जाता येईना, म्हणून मी तिथंच उभा होतो. वाजंत्री जवळ आली तसा मी बांबू वर केला. मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरलंही नाही.

तेवढ्यात समोरून अक्कलकोटकडून वकीलसाहेबांची मोटार आली. विमान पाहून बाजूला थांबली. वकीलसाहेब उतरले, हात जोडून उभे राहिले. ड्रायव्हरही उतरला. स्टिअरिंगच्या चाकामागून सरकत सरकत, सगळी गादी ओलांडून, डाव्या दारानं. मोटारवाले विमानाबरोबर चालत होते, ते थांबले. ड्रायव्हर खाली उतरेपर्यंत बघत राहिले.

"बगितलं का, अण्णा?" मला म्हणाले. "न्हाईच की दार."

आणि पुढं चालायला लागले.

मंडळी गेल्यावर वकीलसाहेबांनी मला कोण गेलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. आता आण कसली पाळायची? त्यांनी मोटारीचं मागचं दार उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "अहो, मागची सीट रिकामीच जाते हो माझी. दर वेळेला."

मोटारवाले कामावर परत आले, पण मोटार आली तर खिडकीतून नुसते तिच्याकडं बघत. डोळा मिटला नाही की अंगठा धरला नाही. पुढं नोकरी सोडून माढ्याला पुतण्याकडं निघून गेले. जाताना मला सांगितलंसुद्धा नाही. पुन्हा कधी दिसले नाहीत.

घरमालकानं खोली झाडायला घेतली तेव्हा मला बोलावलं. बाजेखाली ती गाडी होती. मी शेवटची पाहिली तेव्हा तिचं उजवं दार बंद होतं, खाच अगदी खरी दिसत होती. आता डाग फोडून, पत्रा कातरून ते दार पुन्हा मोकळं केलेलं होतं. त्याला रंग नव्हता, कडेला कानस लावलेली नव्हती. असं अर्धवट काम त्या माणसानं जन्मात केलं नव्हतं.

ती गाडी माझ्या कपाटावर असते. घरातली पोरं मागतात, मी देत नाही. त्या दाराच्या कडेनं बोट कापतं.